शब्द त्या सालचा हवा : जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन बेळगावकडून कसे चाळावेत

थंडी पडू लागली की आमच्या सीमाभागात संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, एकेका गावात ग्रंथदिंडी निघते, मांडव पडतो. त्याआधी महिनाभर स्मरणिकेसाठी लेख गोळा करणारे कार्यकर्ते दार वाजवत फिरतात. असाच एक जण एका संध्याकाळी आला. ‘सर, १९२९ला बेळगावात साहित्य संमेलन झालेलं, शि. म. परांजपे अध्यक्ष होते ते. त्यावर चार पानं द्या की ओ.’ मी होकार देऊन बसलो.

रात्री लॅपटॉप उघडला आणि जुन्या मासिकांच्या एका संग्रहात ‘बेळगाव साहित्य संमेलन’ असं टाकलं. उत्तर आलं शून्य. ‘बेळगावी’ टाकलं, तरी शून्य. आठवडाभर माझी समजूत अशी की त्या संमेलनाची कुणी दखलच घेतली नाही, आणि लेखाची सुरुवातही मी त्याच तक्रारीनं केली होती. मग एकदा झोप येत नव्हती म्हणून एका मासिकाचा त्या वर्षाचा बांधीव खंड नुसता चाळत बसलो. ‘बेळगांव’ तिथं पानोपानी होतं, गां-वर टिंब देऊन. मी ‘गा’ शोधत होतो आणि छापणारा ‘गां’ छापत होता. लेखाची सुरुवात अर्थात फाडून टाकली.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: शोधायचा शब्द आजचा नको, त्या सालचा हवा. पुढं जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी प्रश्न बारीक करा

‘बेळगावचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे. त्यानं स्कॅनचा डोंगर अंगावर येतो आणि हाताला काही लागत नाही. ‘१९२९च्या बेळगाव संमेलनाबद्दल पुण्या-मुंबईच्या मासिकांनी काय छापलं’ हा प्रश्न आहे. त्यात साल आहे, गाव आहे आणि कुठं बघायचं तेही आहे. एवढं झालं की त्या साली कोणती नियतकालिकं निघत होती याची यादी करा. १९२९ म्हटलं तर ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७ ते १९३७), १८९५ पासूनचं ‘मनोरंजन’, १९२६चं ‘रत्नाकर’, १९२८चं ‘यशवंत’, शिवाय ‘केसरी’, ‘ज्ञानोदय’ आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेची पत्रिका. ‘स्त्री’ मासिक १९३०चं, त्यामुळे तिथं १९२९ शोधण्यात रात्र घालवू नका. मी घालवली आहे.

अशा यादीसाठी शं. ग. दाते यांच्या सूचीकार्याला पर्याय नाही. १८०० ते १९३७ या काळाची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पुस्तकांसाठी आहे आणि दाते सूची मंडळानं नियतकालिकांचीही सूची केली. आधी सूची, मग इंटरनेट हा क्रम उलटा करू नये.

गावाची सगळी नावं वहीत लिहा

सीमाभागातल्या माणसाला हे काम इतरांपेक्षा जास्त करावं लागतं, कारण आपल्या गावांनी राज्यं फार बदलली. वहीचं एक पान फक्त नावांसाठी ठेवा.

शहराचंच बघा. आज कागदोपत्री बेळगावी, हे १ नोव्हेंबर २०१४ पासून. त्याआधी इंग्रजीत बेलगाम, मराठीत बेळगांव किंवा बेळगाव, आणि कुणी अलंकारिक लिहिणारा असला तर वेणुग्राम. जुन्या मराठी मासिकात ‘बेळगावी’ शोधणं म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आपला मोबाइल नंबर शोधणं.

त्याहून अवघड शहापूर. आज शहापूर म्हणजे बेळगावचाच भाग, रिक्षावाला तिथलं भाडं सांगताना दुसरं गाव म्हणत नाही. पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सरकारं. त्यामुळे शहापूरच्या विणकरांबद्दल, तिथल्या शाळेबद्दल काही हवं असेल तर ते बेळगाव जिल्ह्याच्या मजकुरात मिळेलच असं नाही, ‘सांगली संस्थान’ म्हणून बघावं लागतं. शिवाय नुसतं ‘शहापूर’ टाकलं की ठाणे जिल्ह्यातलं शहापूर समोर येऊन उभं राहतं ते वेगळंच. तेरदाळ आणि शिरहट्टी हेही सांगलीचेच तालुके. रायबाग कोल्हापूर संस्थानात, रामदुर्ग स्वतःच एक संस्थान. उलट चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. म्हणून चंदगडकरांनी आपला जुना गाव बेळगावच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, शोधावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाववरचा खंड एकविसावा, साल १८८४. त्याचे स्कॅन सहज मिळतात.

राज्याचं नावही बदलतं. १९५६ ते १९७३ या काळात आपण ज्या राज्यात होतो त्याचं नाव कर्नाटक नव्हतं, म्हैसूर होतं. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्या वर्षांतले लेख हवे असतील तर ‘म्हैसूर’ हा शब्द टाका. ‘कर्नाटक’ टाकाल तर हाताशी असलेलं अर्धं निसटेल. एकोणिसाव्या शतकात आणखी मागं गेलात तर इंग्रजांचं ‘सदर्न मराठा कंट्री’ भेटतं, मराठीत ‘दक्षिण महाराष्ट्र’. रेल्वेवर काम करणाऱ्यांनी ‘सदर्न मराठा रेल्वे’ हे नाव पाठच करावं.

हीच गत गावाच्या पलीकडच्या शब्दांची. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. आपल्याकडं त्याची काँग्रेस विहीर आहे, काँग्रेस रोड आहे. पण त्या काळचं मराठी छापील पान उघडा, काँग्रेसला तिथं बऱ्याचदा ‘राष्ट्रीय सभा’ म्हटलेलं असतं. अधिवेशनाच्या वसाहतीला विजयनगर नाव दिलं होतं, तेव्हा तोही शब्द यादीत हवा. प्लेगच्या पहिल्या साथीचा मजकूर शोधताना ‘प्लेग’बरोबर ‘ग्रंथिक सन्निपात’ टाका. ‘अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन’ हे लांबलचक नावही नंतरचं, १९२९चे लोक ‘महाराष्ट्र साहित्य संमेलन’ म्हणत आणि त्याच्याही आधी ‘ग्रंथकार संमेलन’ होतं.

नवख्यानं सरावाला १९२४ घ्यावं असं माझं मत आहे. तारखा नक्की आहेत, २६ आणि २७ डिसेंबर, आणि लिहिलंही भरपूर गेलंय. तिथं हात बसला की मग आपल्या गल्लीकडं वळावं.

टिंबं, काने आणि सावरकरी लिपी

आज आपण जे शुद्धलेखन लिहितो ते साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनंतरचं. त्याआधीच्या छापील मराठीत न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजागी आहेत: कांहीं, नाहीं, घरांत, केलें, असें, गांव, पांच. शोधताना दोन्ही रूपं टाका. त्याहून सोपं म्हणजे शब्दाचा असा तुकडा टाका ज्यात टिंबाचा प्रश्नच येत नाही. ‘बेळग’ टाका, ‘निपाण’ टाका, ‘चिकोड’ टाका. विभक्तीच्या शेपटांचीही कटकट जाते.

किर्लोस्करवाडीच्या मासिकांची वेगळीच गंमत. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या मासिकांनी काही काळ सावरकरांनी सुचवलेली लिपी वापरली. त्यात इ, ई, उ, ए ही अक्षरंच नाहीत, अ-लाच वेलांटी, उकार, मात्रा लावायच्या. म्हणजे ‘इतिहास’ असा छापलेला सापडणार नाही, ‘अितिहास’ सापडेल. ‘उद्योग’ नव्हे ‘अुद्योग’, ‘एक’ नव्हे ‘अेक’. टाइप करताना आधी अ आणि मग मात्रेची कळ दाबा, फोनचा कीबोर्ड कुरकुरला तरी बहुतेक वेळा उमटतं. ही मासिकं बेळगावकरानं परकी समजू नयेत. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याच्या वसाहतीतून ती निघाली, त्यांनी १८८८ साली सायकलचं दुकान बेळगावात काढलं होतं आणि किर्लोस्करवाडीला ते गेले १९१० साली. आणखी एक पेच: मासिक १९२० साली सुरू झालं तेव्हा नाव होतं ‘किर्लोस्कर खबर’, ‘खबर’ पुढं गळालं. दोन्ही नावांनी बघा.

कुठं बघायचं

सगळ्यात मोठं कोठार इंटरनेट अर्काइव्ह. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं केलेले हजारो मराठी स्कॅन तिथं येऊन पडलेत. ‘पडलेत’ हाच शब्द योग्य, कारण नावं रोमनमध्ये आणि कशीही लिहिलेली. ‘ज्ञ’साठी डीएनवायए, जेएनए, जीवायए, काहीही असू शकतं. ‘विविधज्ञानविस्तार’ तीन-चार प्रकारे लिहून बघावं लागतं, कधी एका शब्दात, कधी तीन तोडून. साल तर बेधडक चुकीचं असतं. शीर्षकावर विश्वास न ठेवता फाइल उघडून पहिलं पान बघायचं.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे दुसरं ठिकाण. तिथं जुनी वृत्तपत्रं आणि नियतकालिकं नीट लावून ठेवली आहेत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह अर्थकारण, शेती, संस्थानी कारभार यांसाठी चांगला. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ मासिकांसाठी नाही, पण लेखात आलेल्या एखाद्या सरकारी हुकमाचा माग काढायला उपयोगी पडतं.

एक दुर्लक्षित साधन मात्र सांगितलंच पाहिजे. ब्रिटिश सरकार मुंबई इलाख्यातल्या देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा दर आठवड्याला इंग्रजी गोषवारा काढत असे, ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’. त्याचे बरेच खंड साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्जवर वाचता येतात. बेळगावातून एकोणिसाव्या शतकात ‘बेळगांव समाचार’सारखी पत्रं निघाली. त्यांचे मूळ अंक हाती लागणं कठीण, पण त्यांतली चार वाक्यं या गोषवाऱ्यांत टिकून असू शकतात. शिवाय गोषवाऱ्यांना पत्रांच्या याद्या जोडलेल्या असतात: गाव, खप, आणि पुढच्या काळात संपादकाचं नाव, वय, जातही. आपल्या गावातून कोण पत्र काढत होतं हे अशा यादीत भेटतं. वाचताना एवढं ध्यानात ठेवा की निवड सरकारी अनुवादकाची आहे. त्याला जे टोचलं ते त्यानं उचललं, शेतमालाचे भाव आणि नाटकाच्या जाहिराती त्यानं सोडून दिल्या.

आणि कन्नड. हे टाळून सीमाभागावर काम होत नाही. धारवाडचा कर्नाटक विद्यावर्धक संघ १८९०चा, त्याचं ‘वाग्भूषण’ मासिक होतं. एकाच घटनेबद्दल पुण्याचं मासिक एक लिहितं, धारवाडचं दुसरं. आपल्याला वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळेतल्या पोराला बसवा. तो दहा मिनिटांत मथळे वाचून दाखवतो आणि वर विचारतो, ‘काका, एवढं जुनं कशाला पायजे ओ?’

शोध-खिडकीवर विसंबू नका, अनुक्रमणिका वाचा

स्कॅन म्हणजे चित्र. त्यातली अक्षरं यंत्रानं ओळखून मजकूर केलेला असेल तरच शोध चालतो, आणि जुन्या देवनागरी छपाईच्या खिळ्यांपुढं यंत्र अडखळतं. भ-म, ध-घ, थ-य, ब-व यांची अदलाबदल नेहमीची. अनुस्वार धूळ समजून पुसला जातो आणि धूळ अनुस्वार म्हणून वाचली जाते. काही जुन्या फाइलींत तर यंत्रानं मराठीला रोमन समजून नुसता चिखल केलेला आहे. त्यामुळे शोधात ‘नाही’ आलं याचा अर्थ मजकूर नाही असा होत नाही.

मी आता असं करतो. खंड उघडला की आधी वार्षिक अनुक्रमणिका गाठतो. ती खंडाच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, आणि बांधणाऱ्यानं मध्येच घुसवली असेल तर मध्येही. तिच्यात लेखक आणि विषय दोन्ही बघतो. त्यानंतर अनुक्रमणिकेत न येणारे कोपरे: संपादकीय स्फुटं, ‘पुस्तक-परीक्षण’, ‘साभार पोच’, वाचकांची पत्रं आणि जाहिराती. गावाचा खरा माल या कोपऱ्यांत असतो. मोठ्या लेखात बेळगाव एका ओळीत उरकतं, पण ‘साभार पोच’मध्ये रामदेव गल्लीतल्या कुणाच्या पुस्तिकेची किंमत दीड आणा म्हणून नोंदलेली सापडू शकते. जाहिरातींची पानं मात्र बरेचदा बांधताना काढून टाकलेली असतात. पृष्ठांक ४८ वरून एकदम पुढच्या अंकाचा १ आला तर काहीतरी गेलंय असं समजावं.

एखादं पान मजकुरात हवंच असेल तर त्या एकाच पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठीसाठी हा उपाय बऱ्यापैकी चालतो. मग मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून घ्या, विशेषतः आकडे आणि आडनावं.

शके, वर्ष, अंक

जुन्या अंकावर इसवी सन असेलच असं नाही. शके असेल तर ७८ मिळवा, आणि इंग्रजी नववर्षापासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळासाठी ७९. म्हणजे १९२९च्या जानेवारीत शके १८५० चालू होता आणि पाडव्यानंतर १८५१. एका स्मरणिकेत मी ‘१९२८’ छापून बसलो होतो, ते याच हिशेबात एक चुकून. मासिकाचं ‘वर्ष’ हेही जानेवारीला सुरू होतं असं नाही, ज्या महिन्यात पहिला अंक निघाला त्या महिन्यापासून ते मोजलं जातं. म्हणून एकाच खंडात दोन इसवी सनं असतात. आणि घटना एका महिन्यात घडली तर मासिकात ती पुढच्या एक-दोन अंकांत बघावी, छापखाने तेव्हाही उशीरच करत.

नोंद तिथल्या तिथं

नुसती लिंक उतरवून ठेवणं हा गुन्हा समजावा. एका संकेतस्थळावरून मी चाळीस पानांच्या लिंका घेतल्या होत्या. पावसाळ्यात ते स्थळ बंद पडलं, परत आलं तेव्हा सगळे पत्ते बदललेले. तेव्हापासून फाइल उतरवून घेतो आणि वहीत लिहितो: मासिक, वर्ष, अंक, महिना, लेखाचं नाव, लेखक, छापील पृष्ठांक, फाइलीतलं पान आणि पाहिल्याची तारीख. छापील पृष्ठांक आणि फाइलीतलं पान हे दोन आकडे वेगळे असतात. इंटरनेट अर्काइव्हच्या पत्त्यात ‘एन’ अक्षरापुढं जो आकडा दिसतो तो स्कॅनच्या पानाचा, मासिकाच्या पानाचा नव्हे. लेखात छापील पृष्ठांक द्यायचा. पानावरचा ग्रंथालयाचा शिक्काही टिपून ठेवा. मूळ प्रत बघायची वेळ आली तर कुठं जायचं ते त्या शिक्क्यावर असतं.

एकाच बातमीचे तीन पुरावे मिळाले म्हणून हुरळून जाऊ नका. मासिकं एकमेकांचा मजकूर उचलत. वाक्यरचना तीच असेल तर पुरावा एकच धरायचा.

छापण्याआधी हक्क

वाचायला मिळालं म्हणजे छापायला मिळालं असं नाही. आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. परांजपे १९२९ सालीच गेले, त्यांचं भाषण खुशाल पूर्ण छापा. १९४६च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ साली गेले, त्यांचा मजकूर २०३६ अखेरपर्यंत परवानगीशिवाय अख्खा छापता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याच्या जी. ए. कुलकर्णींची कथा जुन्या ‘सत्यकथे’त सापडली तर आनंदानं वाचा, पण ते १९८७ साली गेलेत हे स्मरणिकेच्या संपादकाला आठवण करून द्या. चार ओळींचं अवतरण नावासकट द्यायला हरकत नसते.

स्कॅन संपतो तिथून पुढं

जे स्कॅनमध्ये नाही ते कागदावर असू शकतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, सुरुवात तिथून करा. मग कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, १८५० सालचं, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं. त्यानंतर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. जाताना यादी घेऊन जा: कोणता खंड, कोणतं पान, स्कॅनमध्ये काय गायब आहे. ‘जुनं काहीतरी बघायचंय’ म्हणणाऱ्याला ग्रंथपाल चहा पाजतात, नेमका खंड मागणाऱ्याला कपाट उघडून देतात. फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. पुस्तक सपाट व्हावं म्हणून पाठ दाबू नका आणि पान उलटायला बोटाला थुंकी तर अजिबात नको.

घरच्या ट्रंकाही विसरू नका. खानापूरकडच्या एका घरात दिवाळी अंकांचा गठ्ठा मांडे ठेवायच्या डब्याखाली सापडला होता. कडा तुपकट, आतली पानं कोरी करकरीत.

त्या लेखाची चार पानं शेवटी छापून आली. तोच कार्यकर्ता यंदा पुन्हा दारात उभा. ‘सर, औंदा १९४६चं द्या. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते.’ तो चहा पीत असतानाच मी वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं: बेळगांव. १२ मे १९४६, शके १८६८. महाराष्ट्र एकीकरण. संयुक्त महाराष्ट्र. मुंबई इलाखा. माडखोलकर, नुसतं आडनाव, ‘त्र्यं’ यंत्राला वाचता येत नाही.